चंद्रव्वाची मुदतवाढ

आमच्या होसगेरीत लग्नाला जमत नाहीत तेवढी माणसं चंद्रव्वाच्या निरोप समारंभाला जमली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून एकतीस वर्षं तिनं खिचडी शिजवली, शेंबडी नाकं पुसली, ओल्या चड्ड्या बदलल्या. आज मिशा पिळत फिरणाऱ्या निम्म्या गावाचं ढुंगण तिनं धुतलेलं, मग येत नाही असं कोण म्हणणार? नोव्हेंबरच्या तीस तारखेला तिला पासष्ट पुरी होत होती. तीसला रविवार आला म्हणून शनिवारीच उरकून घेतलं.

सरपंच शरणप्पा मधल्या खुर्चीत बसले. शाल आली, नारळ आला, इरकल लुगडं आलं. पण आमच्याकडं अंगणवाडीच्या अंगणात एवढी मोठी माणसं एकदम जमतात ती फक्त लसीकरणाला. गर्दी बघितली आणि तीसच्या तीस पोरांनी आपापले दंड घट्ट धरून भोकाड पसरलं. शरणप्पांना वाटलं, आज्जी चालली म्हणून लेकरं रडतायत. "बगा, एवढ्या एवढ्या जिवांनाबी कळतंय," असं म्हणून त्यांनी डोळ्याला रुमाल लावला, आणि सरपंच रडतात म्हटल्यावर गावही रडलं. खरी गोष्ट एकट्या चंद्रव्वाला ठाऊक. ती खांद्यावरची शाल सावरत खुर्चीतूनच ओरडत होती, "सुई न्हाय रं बाळांनो, आज सुई न्हाय!"

त्या रडारडीत एकच बाई हसत होती. ती चंद्रव्वाची सून, श्रीदेवी.

तिला हसायला कारण होतं. श्रीदेवी दुधनीची, बारावी झालेली, शिलाईच्या मशीनवर हात चांगला. लग्नानंतर दोन वर्षं ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जात होती. मागावरून उतरलेला टॉवेल कापून आला की त्याच्या कडा दुमडून शिवायच्या, दिवसाला शेकड्यानं. सातव्या महिन्यात पोट मशीनला लागायला लागलं तेव्हा काम सुटलं. मग मंजुनाथ झाला, त्याचा मंज्या झाला, आणि तो आता पावणेदोन वर्षांचा गोल गरगरीत गडी होता. इतके दिवस श्रीदेवी घरातच होती. सासू अंगणवाडीत, नवरा गुरुशांत मागावर, कधी दिवसपाळी कधी रातपाळी. पोराला टाकून जाणार कुठं? तिनं एकच धरून ठेवलं होतं, की अव्वा रिटायर झाल्या की पोर त्यांच्याकडं आणि मी मशीनवर.

कारखान्याचा सुपरवायझर अनिलकुमार यानं तिची जागा धरली होती. तिथं एक गंमत होती. पन्नास माणसं झाली की पाळणाघर काढावं लागतं, म्हणून शेठ एकोणपन्नासावर थांबलेला. एक बाई गेली की एकच घ्यायची. आता एक गेली होती आणि एकोणपन्नासावी म्हणून श्रीदेवीचं नाव लागलं होतं. ज्या पोराला पाळणाघर नाही त्याच्याच आईला पाळणाघर चुकवण्यासाठी काम मिळत होतं, आणि यात काही चुकीचं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. श्रीदेवीलाही नाही. तिला काम पाहिजे होतं.

सोमवारी एक तारीख. श्रीदेवी पहाटे चारला उठली, धार काढली, चोवीस भाकऱ्या थापल्या, शेंगाची चटणी डब्यात भरली, मंज्याला न्हाऊ घातलं. साडेसातची वडाप जीप सिटा भरून फाट्यावरून जाते. तिनं डबा हातात घेतला, एका पायात चप्पल घातली, आणि तेवढ्यात अंगणवाडीची सेविका सिद्धेश्वरी पदर वाऱ्यावर सोडून पळत आली. हातात मोबाईल.

"मावशी, चला. चपला घाला."

"कुटं?" चंद्रव्वा म्हणाली.

"अंगणवाडीत. दुसरं कुटं?"

"आगं, परवा निरोप दिलाय की मला. शाल दिलीया."

"निरोप गावानं दिलाय. हापीसानं न्हाय. हापीसानं मुदतवाढ दिलीया. नवी भरती हुईस्तवर कुनी जागा सोडायची न्हाय. दोन वर्सं."

चुलीपुढं चंद्रव्वाचं तोंड कसं झालं ते सिद्धेश्वरीनं नंतर अख्ख्या गावाला करून दाखवलं. ओठ खाली गेले आणि डोळे वर आले. "मी काय येत न्हाय बाई आता," असं ती म्हणाली खरी, पण म्हणतानाच तिनं पदर कमरेला खोचला होता.

तिचा नवरा तिप्पण्णा बाहेर कट्ट्यावर चहा पीत बसला होता. सत्तर वर्षांचा, पण हाडापेरानं मजबूत. शेती त्यानं वाट्यानं दिलेली, म्हैस गुरुशांत बांधायचा-सोडायचा. "सरकारच्या म्होरं कोन जानार?" तो म्हणाला आणि बशी पालथी घातली. मग ही बातमी बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांच्या आधी आपण सांगावी म्हणून तो लगबगीनं निघून गेला.

"अव्वा," श्रीदेवी म्हणाली, "आन मंज्या?"

सिद्धेश्वरीनं मोबाईलकडं बघितलं. चंद्रव्वानं चुलीकडं बघितलं. फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला आणि श्रीदेवीनं एका पायातली चप्पल काढून भिंतीला लावली.

अनिलकुमारला फोन केला तर तो म्हणाला, "पाच तारखेपर्यंत धरतो बघा. सहाला दुसरी बसवतो. दारात सात जणी उभ्या हायत."

मग घरात उपाय सुरू झाले. दुधनीला आईकडं ठेवावं तर तिथं भावजय बाळंतीण, पाळण्यात आधीच एक. गुरुशांतला त्या आठवड्यात रातपाळी, म्हणजे दिवसा तो घरी. आधी दोन तास करून बघू म्हणून मंगळवारी श्रीदेवी पोर त्याच्याजवळ देऊन रानात वैरणीला गेली. परत येते तर गुरुशांत जात्याच्या दगडाला टेकून घोरतोय आणि मंज्या गोठ्यात रेडकाच्या शेजारी गुडघ्यावर बसून म्हशीच्या आचळाला तोंड लावायच्या बेतात. म्हैस पोक्त होती, तिनं पाय उचलला नाही म्हणून बरं.

"मी जागाच हुतो," गुरुशांत म्हणाला. "डोळं तेवढं मिटलं हुतं."

"आन पोरगं गोट्यात गेल्यालं?"

"आवाज आला की मला. वाटलं रेडकूच हाय."

बुधवारी भाकरी थापताना श्रीदेवीचा हात परातीवर नेहमीपेक्षा जोरात पडत होता. चंद्रव्वा संध्याकाळी आली तर सुनेनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला तोही आपटून. चंद्रव्वाला दोन्हीकडून लागत होतं. गावच्या तीस पोरांना जेवू घालून यायचं आणि घरच्या एका पोरासाठी सुनेचे पाय उंबऱ्याला बांधून ठेवायचे, हे तिला दिसत होतं. पण काम सोडते असं तिच्या तोंडून काही निघेना. शेवटी ती म्हणाली, "मी घिऊन जाते त्याला. तितं बसंल माज्यापाशी."

गुरुवारी सिद्धेश्वरी यावर दोन तास नाही नाही म्हणाली. "मावशी, तीन पुरी झाल्याबिगर बसवता येत न्हाय. त्याला घरी न्यायचं खाऊचं पाकीट मिळतंय की. आन आता सगळं मोबाईलवर हाय, पोरांची डोकी मोजून फोटू लागतोय."

"फोटूत न्हाय घ्यायचा त्याला. पिठाच्या डब्यामागं बसवते."

"आन रडला म्हंजी?"

"त्यो? त्येला खायाला मिळालं तर त्यो आग लागली तरी रडायचा न्हाय."

ते मात्र अगदी खरं होतं. शुक्रवारी, पाच तारखेला, श्रीदेवी दोन्ही पायांत चपला घालून साडेसातच्या जीपमध्ये बसली.

संध्याकाळी ती उतरली तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, पोलक्याच्या शिवणीत सुताची पांढरी लव बसलेली होती. मान आखडलेली, उजव्या हाताची बोटं उघडत नव्हती, दोन वर्षांत सवय मोडलेली. पण ती चालत होती ते बघण्यासारखं होतं. फाट्यापासून घरापर्यंत तिनं तीन बायकांना थांबवून मशीन नवीन आहे, कसं पळतं, पंखा डोक्यावरच आहे, असं सगळं सांगितलं. घरी आल्यावर सासूला चहा करून दिला आणि तांब्या हळू ठेवला. आठ दिवस असं गेलं आणि आम्हांलाही वाटलं, सुटलं बुवा यांचं.

मंज्याचं तर भाग्यच उजाडलं. पिठाच्या डब्यामागं तो पहिल्या दिवशी तासभर बसला असेल. दुसऱ्या दिवसापासून तो पंगतीत. स्वतःची खिचडी संपली की शेजारच्याच्या ताटलीत हात, ती संपली की पलीकडच्या. पोरं तक्रार करायची नाहीत. एवढं छोटं पोरगं एवढं खातं याचं त्यांनाच कौतुक. चंद्रव्वाचं मात्र कंबरडं मोडायला आलं. एका हातानं पळी आणि दुसऱ्या काखेत साडेतेरा किलोचा नातू. खाली ठेवला की तो खिचडीच्या पातेल्याकडं चालू पडायचा.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी, कुणाला न कळवता, तालुक्याहून वैष्णवी मॅडम आल्या. मॅडम नव्या होत्या, वयानं लहान, आणि फार व्यवस्थित. वजनकाटा स्वतः तपासला, उंचीची पट्टी भिंतीला सरळ लागली आहे का ते बघितलं आणि हजेरीची यादी उघडली. एकेक नाव घ्यायचं, पोर पुढं आणायचं, मोजायचं, मोबाईलमध्ये भरायचं. चंद्रव्वाच्या काखेत मंज्या होता. त्याला कुठं ठेवावा हे तिला सुचेना. पिठाचा डबा मॅडमच्या खुर्चीशेजारीच होता.

"सिद्धराम कुठाय?" मॅडमनी विचारलं.

सिद्धराम म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या दानम्माचा नातू. वय तीन वर्षं चार महिने. दिवाळी झाल्या झाल्या तो आईबापाबरोबर पुण्याला कामावर गेलेला. संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेला परत येणार म्हणून नाव यादीत तसंच. सिद्धेश्वरीनं "तो गैरहजर" म्हणायला तोंड उघडलं. पण मॅडमनी मान वर केली ती नेमकी चंद्रव्वाच्या काखेतल्या पोराकडं बघत. त्या बघण्यानं चंद्रव्वाचं भान गेलं. एकतीस वर्षांत साहेबांनी नाव घेतलं की पोर पुढं करायची तिला सवय. तिनं हातातलं पोर पुढं केलं.

"ह्यो बगा," ती म्हणाली.

सिद्धेश्वरीनं तोंड मिटलं ते दुपारपर्यंत उघडलं नाही.

मॅडमनी मंज्याला काट्याच्या झोळीत बसवलं. साडेतेरा किलो. पट्टीला उभं केलं. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. आकडे मोबाईलमध्ये भरले आणि मोबाईल लाल झाला. मॅडमनी पुन्हा मोजलं. पुन्हा लाल. तीन वर्षं चार महिन्यांच्या पोराला ही उंची म्हणजे वाढ पार खुंटलेली. खालच्या रकान्यात मात्र उंचीच्या मानानं वजन जादा दाखवत होतं. एकाच पोराला मोबाईल उपाशीही म्हणत होता आणि खादाडही म्हणत होता. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि मंज्याकडं निरखून बघितलं. तो शांतपणे वजनकाट्याची दोरी चघळत होता.

"आजारी असतो का हा?"

"न्हाय जी," चंद्रव्वा म्हणाली. ते खरंच होतं.

"घरी खायला मिळतं ना?"

चंद्रव्वाच्या जिभेवर उत्तर आलं होतं ते तिनं गिळलं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या गेल्या. मागं मंज्यानं खिचडीचं पातेलं गाठलं होतं.

"जाऊ दे," चंद्रव्वा म्हणाली. "तालुक्याला गेलं की इसरत्यात."

पण मॅडम विसरल्या नाहीत. काही माणसं आपलं काम खरोखरच करतात, आणि आमच्यासारख्यांची पंचाईत होते ती तिथंच. दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळी त्या नर्सबाईला घेऊन थेट दानम्माच्या दारात गाडीतून उतरल्या. हातात औषधाची पिशवी आणि अंड्यांचा ट्रे.

दानम्मा दारात ज्वारी पाखडत होती. सत्तरीची विधवा, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की तिनं घरात म्हशीला हाक मारली तर फाट्यावरची म्हैस वळून बघेल.

"आजी, सिद्धरामची तब्येत फार वाईट आहे," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "घाबरू नका. काल मी मोजलं, त्याची वाढ थांबली आहे. त्याला रोज दोन अंडी द्या."

दानम्माला यातली आधी पहिलीच गोष्ट कळली. सिद्धरामची तब्येत. नातू पुण्यात, आणि तालुक्याची बाई दारात येऊन सांगते तब्येत वाईट. तिच्या हातातलं सूप पडलं. "यव्वा! काय झालं माज्या लेकराला?" म्हणून तिनं अशी आरोळी ठोकली की गल्ली गोळा झाली. कुणीतरी पुण्याला फोन लावला. तिकडून सिद्धराम स्वतःच बोलला, त्याला आईसक्रीम पाहिजे होतं. दानम्मानं डोळे पुसले. मग तिला दुसरी गोष्ट दिसली.

"आन ही काय?"

"अंडी."

"लिंगायताच्या दारात अंडी?"

"नको असतील तर केळी देता येतात आजी, पण..."

"माजा नातू पुन्यात हाय. म्हैन्याच्या वर झालं. कुनाला मोजलंसा तुमी काल?"

मॅडमनी मोबाईल पुन्हा उघडला. नर्सबाईनं अंड्यांचा ट्रे पाठीमागं धरला. गल्लीतल्या निम्म्या बायकांना उत्तर ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना दानम्माच्या पुढच्या वाक्यानं कळलं.

"चंद्री!" ती गरजली आणि अंगणवाडीकडं निघाली. तिच्यामागं मॅडम, नर्सबाई आणि गल्ली.

गुरुवार म्हणजे कारखान्याची सुट्टी. श्रीदेवी घरी होती, ती गलका ऐकून आली. तिप्पण्णा बसवण्णाच्या कट्ट्यावर होता, तोही कट्ट्यावरच्या चार जणांसह आला. मिरवणूक बघून तीस पोरांनी दंड धरले. मंज्यानं धरला नाही, त्याच्या दोन्ही हातांत खिचडी होती.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "काल मी मोजला तो सिद्धराम नव्हता?"

"न्हाय जी."

"मग कोण होता?"

"ह्यो. आमचा मंजुनाथ. पावनेदोन वर्सांचा."

"आणि तुम्ही मला सिद्धराम म्हणून दिलात?"

"तुमी इचारलं सिद्धराम कुटाय, आन माज्या हातात ह्योच हुता." चंद्रव्वाचा आवाज खाली गेला. "चुकलं माजं."

कुणीतरी मागं फिदकन हसलं. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली. वयात न बसणारं पोर बसवलं, खोटं नाव सांगितलं, नोंद बिघडवली. अहवाल जाणार. चंद्रव्वाची मुदतवाढ रद्द होणार आणि सिद्धेश्वरीला नोटीस. सिद्धेश्वरीनं भिंतीला टेकून डोळ्याला पदर लावला.

"तिला काय करू नगासा," चंद्रव्वा म्हणाली. "ती नगं नगंच म्हनत हुती. माजं काय ते करा. मी जाते घरी. नातवाला सांबाळते." असं म्हणून ती पदराला बांधलेली कोठीची किल्ली सोडायला लागली. गाठ जुनी, बोटं जाड झालेली. ती सुटेना. तिनं दातानं धरून ओढली तरी सुटेना.

श्रीदेवी बघत होती. पावणेदोन वर्षं तिला जे पाहिजे होतं ते आता होत होतं. अव्वा घरी, पोर अव्वाकडं, आपण मशीनवर. तिनं गप्प बसायचं तेवढं बाकी होतं. पण त्या गाठीशी झटणारी ती बोटं तिला बघवेनात. ती पुढं झाली आणि सासूचा हात धरला.

"अव्वा, खरं सांगा. तुमाला घरी बसायचंय?"

चंद्रव्वानं इकडंतिकडं बघितलं. आख्खं गाव कान देऊन उभं होतं.

"न्हाय," ती म्हणाली. आणि एकदा तोंडातून निघालं म्हटल्यावर तिनं सगळंच सांगून टाकलं. "घरात मी कोन? तिप्पण्णाची बायकू. हितं तीस लेकरं आज्जी म्हनत्यात. मुदतवाढीचा कागद आला तवा मी बसवण्णाला नारळ फोडला. तुला सांगितलं न्हाय. तुजं काम जातंय ते दिसत हुतं, तरीबी फोडला."

"मलाबी न्हाय बसायचं, अव्वा," श्रीदेवी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. "तितं मला कुनी सून म्हनत न्हाय. कुनाची आईबी न्हाय. श्रीदेवी म्हनत्यात. दोन वर्सांत माजं नाव कुनी घेतलं नव्हतं."

दोघी हातात हात धरून उभ्या राहिल्या. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. दानम्मासुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजा.

वैष्णवी मॅडमनी वही मिटली नाही, पण लिहायचं थांबवलं. "तुमच्या घरी पोराला बघायला दुसरं कुणीच नाही का?"

"कुनी न्हाय," सासू आणि सून एकदमच म्हणाल्या.

मॅडमची नजर दाराशी गेली. तिथं तिप्पण्णा चौकटीला टेकून भाजक्या शेंगा सोलून खात उभा होता. पटका नीट बांधलेला, दंड भरलेले, दात शाबूत.

"मग हे कोण?"

"हे व्हय?" चंद्रव्वा म्हणाली. "हे मंज्याचं आज्जा."

"ते कुठं कामाला जातात?"

"न्हाय."

"आजारी असतात?"

"छ्या. त्येस्नी काय धाड भरलीया."

दाराशी शेंगेचं टरफल मोडलं. श्रीदेवीनं सासऱ्याकडं बघितलं. चंद्रव्वानं नवऱ्याकडं बघितलं. त्या दोघींच्या तोंडावर जे आलं त्याला आश्चर्यच म्हणावं लागेल, घरातली हरवलेली वस्तू डोळ्यासमोरच टांगलेली सापडावी तसं. हळूहळू गल्लीही वळली. तिप्पण्णानं शेंग तोंडाशी नेली होती ती तिथंच राहिली.

"मी?" तो म्हणाला. "मला म्हशीचं बगावं लागतंय."

"म्हस गुरुशांत बांदतोय, धार सून काडती," दानम्मा म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "तू काय बगतूस, तिचं तोंड?"

"मी सत्तर वर्सांचा म्हातारा गडी..."

"कट्ट्यावर बसायला सत्तर लागत्यात व्हय? मी सत्तरीची हाय, आत्ता ज्वारी पाकडत हुते."

"आगं पन बाईमानसाचं काम हाय ते. त्येनं शी केली म्हंजी?"

"धुवायची," चंद्रव्वा म्हणाली.

सगळं गाव हसलं. कट्ट्यावरचे चौघे जास्त हसले, पण त्यांतल्या दोघांच्या बायका गर्दीत होत्या आणि त्या आपापल्या नवऱ्याकडं काहीतरी मोजल्यासारखं बघत होत्या. ते दोघे लवकरच हसायचे थांबले.

मॅडमनी कालची नोंद चुकीची म्हणून काढून टाकली. तोंडी समज दिली, ती तीनदा दिली. तीन वर्षं पुरी होईपर्यंत हे पोर इथं दिसलं तर कागद वर जाईल असं बजावलं. नर्सबाई अंडी घेऊन गाडीत बसली. चंद्रव्वानं हात धुतले, मंज्याचं तोंड पुसलं आणि त्याला उचलून तिप्पण्णाच्या हातात दिलं. साडेतेरा किलो अंगावर आले तसा तिप्पण्णा जरा वाकला.

शुक्रवारी श्रीदेवी साडेसातच्या जीपनं गेली. दहा वाजता तिप्पण्णा काखेत पोर घेऊन अंगणवाडीच्या अर्ध्या दाराशी हजर. पटका सुटलेला, सदऱ्यावर ओल. "थोडा येळ धर की," तो म्हणाला. "मला जरा कट्ट्यावर जाऊन यायचंय."

"तीन पुरी न्हाईत त्याला," चंद्रव्वा आतून म्हणाली. "नियम हाय." आणि अर्ध्या दाराची कडी घातली. सिद्धेश्वरी सांगते, कडी घातल्यावर मावशी पातेल्यात तोंड घालून हसत होत्या.

तो पोर घेऊन कट्ट्यावर गेला. पण मंज्यानं तिथं बसलेल्यांची तंबाखूची डबी आधी उघडली आणि मग बसवण्णाच्या मूर्तीवर चढायला लागला. तास झाला नाही तोच कट्ट्यानं त्यांना घरी पाठवलं. दुपारी तिप्पण्णा चूल फुंकताना दिसला. मंज्याला भाकरी दुधात कुस्करून पाहिजे होती, आणि दूध गरम पाहिजे होतं, आणि मग गार पाहिजे होतं. तीन वाजता तो विहिरीवर मंज्याचे लंगोट धूत होता आणि रस्त्यानं कुणी आलं की पाठ करून उभा राहत होता. आठवडाभर हेच. दुसऱ्या आठवड्यात तो पाठ करायचा विसरला.

अशाच एका संध्याकाळी दोघी बरोबरच घरी आल्या. श्रीदेवीच्या केसांत सुताची लव, चंद्रव्वाच्या हाताला हळदीचा वास. घरच्या कट्ट्यावर तिप्पण्णा भिंतीला डोकं टेकून बसला होता. मंज्या नुकताच निजला होता. अंगणात ताटल्या, टरफलं, एक चप्पल, तिची दुसरी म्हशीच्या गव्हाणीत.

"कसं काय?" चंद्रव्वानं विचारलं.

तिप्पण्णानं पाठीमागं हात नेऊन कंबर दाबली. मग एकदम बोलायला लागला. "दिवसभर राबतोय. सकाळधरनं बूड टेकलं न्हाय. आन कुनी इचारलं काय केलं दिवसभर, तर सांगाया काय न्हाय! काय बी दिसत न्हाय केल्यालं! कंबर मोडलीया माजी. हाय का कुनाला ह्या घरात माजी पर्वा?"

चंद्रव्वानं सुनेकडं बघितलं. सुनेनं सासूकडं बघितलं. आधी श्रीदेवी हसली, मग चंद्रव्वा, आणि मग दोघी उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत राहिल्या. हसता हसता चंद्रव्वाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं तिच्यानं होईना. तिप्पण्णा रागानं बघत होता. त्याला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं.

श्रीदेवी उठली, चहा केला आणि पहिला कप सासऱ्यापुढं ठेवला. आल्याचा, साखर जास्त. तिप्पण्णाचा राग जरा उतरला. त्यानं मांडी घातली, चहा बशीत ओतला, वर फुंकर मारली. सकाळपासून त्यानं हाच एक चहा मनात धरला होता.

आतून मंज्या रडला.

दोघीही उठल्या. पण त्यांच्या आधी तिप्पण्णा उठला होता. "बसा तुमी," तो म्हणाला. "त्येला आता मीच लागतोय." बशी तशीच सोडून तो आत गेला, आणि चहा गार झाला.